सगळ्यात वरची मुलगी

"सात वर्षांच्या पोरीच्या ओठांना लाली कशाला लागते, ते मला आधी सांग," डेल म्हणाला आणि त्याने टेबलावरचा फॉर्म पालथा घातला.

नडीनने तो पुन्हा सुलटा केला. फॉर्मवर आई आणि वडील दोघांच्याही सह्या लागत होत्या, आणि आठवडाभर त्या एका कागदावरून घरात धुसफूस चालू होती. बेकर्स फोर्क गावात ऑगस्टात, शाळा उघडायच्या आधीच फुटबॉल सुरू होई. लहान पोरांचा संघ म्हटला की लहान पोरींचा चीअरलीडिंगचा चमू आलाच. पोरं मैदानात एकमेकांवर आदळणार आणि पोरी कडेला उभ्या राहून, हातातले झिरमिळ्यांचे गोंडे नाचवत, त्यांच्या नावाने घसा फोडणार. डेल खाणीवर ट्रक चालवायचा, मोजकंच बोलायचा. तोंड रंगवून, वीतभर घागरा घालून आपली पोरगी चारचौघांत नाचवायची हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. नडीनला लालीचं काही नव्हतं. पोरी एकमेकींच्या मांड्यांवर चढून मनोरा करतात, त्यावरून लेक टेसा पडली तर, एवढीच तिची धाकधूक. दोघांनी काळजी अगदी मनापासून केली, फक्त भलत्याच गोष्टीची केली.

नडीनला हे टेसासाठी हवं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःसाठीही. डेलला वळवायला तिने शेवटी आपलीच गोष्ट काढली. नऊ वर्षांची असताना तीही चमूत नाव द्यायला गेली होती. तेव्हाच्या कोचबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागच्या रांगेत तोंडाशी ओरडायचा भोंगा धरून उभं केलं. "मी ही अशी भोपळ्यासारखी. मला उचलणार कोण? दोन वर्षं भोंगाच धरला," ती हसत म्हणाली. डेलही हसला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टेसा कागदी ताऱ्यांना चमकी चिकटवत होती. ती हसली नाही, पण तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

डेलने सही केली.

नडीन गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. अठरा वर्षं केसांना जाळी लावून तिने पोरांना वाढलं होतं. तिच्या हातच्या पावांचं नाव निघालं की बाप्ये झालेली पोरंही ओठांवरून जीभ फिरवत. सगळं गाव तिला मिस नडीन म्हणे. टेसा घरी मॉम म्हणायची, पण शाळेत ट्रे घेऊन समोर आली की मुद्दाम, अगदी परक्यासारखा चेहरा करून, "थँक यू, मिस नडीन," म्हणायची. तो त्या दोघींचा खेळ होता. इतक्या तोंडांना घास घालणारी ही बाई स्वतः मात्र कुणासमोर जेवत नसे. सगळं आवरलं की कोठीत, दाराआड, उभ्या उभ्या दोन घास खायची. का, ते तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी मैदानावर वजनकाटा आला. तो असायचा पोरांसाठी. ठरल्यापेक्षा जास्त भरलेल्या पोराला त्या दिवशी खेळू देत नसत. काठावरची पोरं अंगात कचऱ्याची काळी पिशवी घालून घाम काढायला मैदानाभोवती पळत, आणि त्यांचे बाप शिट्ट्या वाजवत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चमूची कोच ब्रँडी दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवायच्या टेबलाशी बसायची आणि शनिवारी हौसेने पोरींना शिकवायची, मनाने चांगली बाई. पोरांचं झाल्यावर तिने काटा तिथेच आहे म्हणून पोरींनाही एकेक करून त्यावर उभं केलं. सगळ्यात हलकी ती वर. खालच्या पोरींना पेलायला सोपं आणि पडायची भीती कमी. टेसा सेहेचाळीस पौंड भरली. सगळ्यात हलकी.

त्यानंतरचे पाच शनिवार नडीनला आभाळ ठेंगणं झालं होतं. लाल घागरा, डोक्याएवढी मोठी रिबीन आणि मनोऱ्याच्या टोकावर हात पसरून उभी तिची पोरगी. टेसा खरंच छान करायची. तिचा आवाज पार दुसऱ्या बाजूच्या बाकांपर्यंत जायचा. लालीवरून भांडणारा डेलसुद्धा खाणीवरच्या सोबत्यांना बोट दाखवून सांगायचा, ती वरची आमची.

मग सप्टेंबरच्या शेवटी गावात पायपर नावाची मुलगी राहायला आली. चिमणीएवढी. ब्रँडीने तिला खालच्या रांगेत घेतलं आणि कौतुकाने म्हणाली, पुढच्या वजनाच्या दिवशी बघू या, ही तर तुझ्याहून हलकी दिसते गं टेसा. गमतीने म्हणाली आणि विसरूनही गेली.

ऑक्टोबरात एका रविवारी नडीनने धुवायला म्हणून टेसाची चमूची पिशवी उपडी केली. गोंडे पडले, रिबीन पडली, आणि मग एकामागून एक कागदी रुमालांच्या पुरचुंड्या. तिने एक उलगडली. आत अर्धा पाव होता, दगडासारखा कडक झालेला. दुसरीत अर्धा पाव. तिसरीत अर्धा पाव. अकरा पुरचुंड्या होत्या. शाळेत टेसाचा ट्रे रोज रिकामा परत यायचा आणि नडीन तो बघून मनात सुखावायची. तिथेच जमिनीवर ती बसून राहिली.

टेसा दारात येऊन उभी होती. आपली चोरी पकडली गेली हे तिला कळलं होतं.

"टाकून का नाही दिलेस?" नडीनने विचारलं. तोंडातून आधी हेच का आलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"तू केलेले होते ना," टेसा म्हणाली. "कचऱ्यात कसे टाकू?"

"बाळा, पण तू खात का नाहीस?"

टेसाने खांदे उडवले. मग समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "मॉम, तू लहानपणी अर्धाच खाल्ला असतास, तर तुलापण वर घेतलं असतं. तेव्हा तुला कुणी सांगितलं नाही ना?"

नडीनने तिला कुशीत ओढलं. पोरीच्या पाठीची हाडं हाताला लागली, आणि ही पाठ आपण रोज आंघोळीला चोळतो तरी आपल्याला कळलं कसं नाही, या विचाराने तिला रडू कोसळलं. ती मोठ्याने रडली. टेसा तिला थोपटत राहिली.

तिने डेलला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं नव्हतं का, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो त्या अकरा पुरचुंड्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मी लालीवरून भांडत बसलो." मग बाहेर जाऊन ट्रकमध्ये नुसताच बसला.

घागरा नडीनने धुऊन, इस्त्री करून ब्रँडीला परत दिला. ब्रँडीच्या डोळ्यांत पाणी आलं. पडू नये म्हणून मी हलकी पोरगी वर घेते गं, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. ते खरं होतं. नडीनला तिच्यावर रागावताही येईना. भोंग्याची गोष्ट ब्रँडीने सांगितली नव्हती.

टेसाने रडून गोंधळ घालावा अशी नडीनची जवळजवळ इच्छा होती. पण टेसाने फक्त विचारलं, आता वर पायपर का? हो म्हटल्यावर तिने मान हलवली. "ती त्रेचाळीस आहे," ती म्हणाली, आणि तिच्या लेखी तो विषय संपला. तिला त्यात अन्याय वाटला नाही, नडीनला तेच सोसवेना.

सोमवारी शाळेत चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि पाव होता. नडीनने परातीतला सगळ्यात फुगलेला पाव निवडून टेसाच्या ट्रेवर ठेवला.

"अर्धाच पुरे, मिस नडीन," टेसा म्हणाली. खेळातल्यासारखी नाही, नम्रपणे.

नडीनने पळी खाली ठेवली. सोबतच्या बाईला वाढायला सांगितलं, डोक्यावरची जाळी काढली आणि स्वतःसाठी एक ट्रे वाढून घेतला. अठरा वर्षांत पहिल्यांदा ती जेवणाच्या वेळी काउंटरच्या बाहेर आली. पोरांची बाकं बुटकी. गुडघे पोटाशी घेऊन ती टेसाशेजारी कशीबशी बसली. सगळा हॉल वळून बघत होता, मिस नडीन जेवतेय. तिचे कान तापले. तिने पावाला लोणी लावलं आणि खायला सुरुवात केली, सावकाश, एकेक घास चावून, तळहातावरचा शेवटचा चुरासुद्धा.

टेसा तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने आपला पाव मधोमध मोडला, अर्धा खाल्ला, आणि उरलेला अर्धा कागदी रुमालात नीट गुंडाळून ट्रेच्या कडेला ठेवला.

घंटा होईपर्यंत नडीन तिथेच बसून राहिली. पोरं उठून रांगेला गेली, टेसाही गेली, आणि मग तिने दोन्ही ट्रे उचलले. उद्याही इथेच बसायचं होतं.