वाढवून घेतलेलं वारंट

शहागंजात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पंखे, कूलर, मिक्सर, पाण्याच्या मोटरी. जळालेली कॉइल काढायची, नवी भरायची. एकवीस वर्षं हेच करतोय म्हणून सांगतो, वाढीव वारंटी हा निव्वळ भीतीचा धंदा आहे. वस्तू वाईट असेल तर पहिल्या वर्षातच मान टाकते, तेव्हा कंपनी बांधलेली असते. चांगली असेल तर दहा वर्षं हाक मारत नाही. मधल्या मधे माणसाला घाबरवून पैसे काढतात. एखाद्या गिऱ्हाइकानं तो वाढीव वारंटीचा कागद दाखवला की मी सगळ्यांदेखत त्याची टर उडवायचो. घरी येऊन तीच गोष्ट तिखटमीठ लावून परत सांगायचो. माझी बायको सुकेशनी कंटाळून उठून जायची. माय मात्र ऐकायची. कोपऱ्यात सुपारी कातरत बसायची आणि शब्द न् शब्द ऐकायची.

मायचं नाव कस्तुराबाई. सोयगावकडच्या डोंगरात मेंढरांमागं तिचा जन्म गेला. माझा बाप केरबा गेल्यावर ती आमच्याकडं गारखेड्याला आली आणि बारा वर्षं राहिली. शेवटच्या दोन वर्षांत तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सुया, नळ्या, चार-चार तास पडून राहणं, याबद्दल ती कधी कण्हली नाही. तिची तक्रार एकच, पाण्याची. दिवसाला तीन पेले. त्यातच चहा, त्यातच गोळ्या. झरा दिसला की ओंजळ लावून पोट फुटेस्तोवर प्यायची सवय असलेली बाई ती. आता माठाकडं चोरासारखी बघायची. मग सुकेशनीनं माठ आत नेऊन परातीआड ठेवला. मी बघितलं आणि गप बसलो. त्याची लाज अजून वाटते.

डायलिसिसच्या खोलीतल्या सरिता सिस्टरनं सांगितलं, आजीला बर्फाचा खडा चघळायला देत जा, पाणी कमी जातं आणि तोंडाला ओल राहते. आमच्याकडं फ्रीज नव्हता. तो घ्यायचं ठरलं.

त्याच दिवशी डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. हृदय थकलंय म्हणाला, डायलिसिस आता फार दिवस झेपायचं नाही, दिवाळी दिसेल असं वाटत नाही. एप्रिल चालू होता. बाहेर आलो तर माय बाकड्यावर चपला घालून तयार. डॉक्टर काय म्हणला, तिनं विचारलं. बर्फ द्या म्हणला, मी सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. हरामखोरी होती. शिकलेल्या घरांत हिला धीर देणं म्हणतात, आता आमच्यातही म्हणायला लागलेत.

फ्रीज बघायला माय हट्टानं सोबत आली. माझ्यासाठी घेता तर मी बघून घेईन म्हणाली. शोरूममध्ये शिरताना चपला दाराशी काढल्या, मी घालायला लावल्या. आत निळा कोट घातलेली एक बाई पुढं आली. छातीवर नावाची पट्टी होती, मंजुषा. पंचेचाळिशीची असेल. फ्रीज उघडून दाखवताना एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होती. मायचं लक्ष फ्रीजमध्ये नव्हतंच. टेक की जरा, म्हणाली तिला. बसायची परवानगी नसते मावशी, ती हळूच म्हणाली. गारेगार हवा, काचेची दारं आणि बाईला स्टूल नाही. असले लोक आपल्याला निर्धास्तपणा विकणार.

फ्रीज पसंत पडला. बिल करताना मंजुषा म्हणाली, “कंपनीची एक वर्षाची वारंटी आहे. अजून तीन वर्षं वाढवून घ्या.”

माय दचकली. “वारंट? कुणाच्या नावचं?”

मंजुषाला हसू आवरेना. मीही हसलो, पण मला ठाऊक होतं ती का दचकली. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी बापानं बंदीच्या रानात मेंढरं घातली म्हणून त्याच्यावर केस झाली होती. कोर्टाची तारीख पाळायची असते हे त्याला कोण सांगणार. तो गेला नाही आणि वारंट निघालं. आठ महिने तो डोंगरातच लपून राहिला. आमच्या घरात तो शब्द कुणी सहज उच्चारत नसे.

मी तिला समजावलं, हे ते नाही, ही वस्तूची हमी असते, बिघडली तर हे लोक फुकट दुरुस्त करून देतात. तिनं मान हलवली. पण तिच्या डोक्यातून निघालं नसावं, कारण जरा थांबून तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, “वाढवून घेता येतं व्हय, बाई?”

“येतं की. आत्ताच घेतलं तर येतं,” मंजुषा म्हणाली. “फ्रीज तुमच्यासाठीच ना, मावशी? मग चार वर्षं घोर मिटला. काय दादा, करू?”

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

एरवी माझं उत्तर ओठावर असतं. मंजुषाला नाही, तिच्या मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी ते दिलं असतं. पण चार वर्षं हा शब्द तिथं मायसमोर पडला होता. नको म्हणालो तर तिला कळेल, असं मला वाटलं. चार वर्षं कशाला, असंच तिला ऐकू जाईल. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणालो, “करा.” जास्तीचे पैसे भरले, सही केली. मायनं कागद स्वतःच्या हातात मागून घेतला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. वाचता येत नव्हतं तिला.

येताना रिक्षा क्रांती चौकात सिग्नलला थांबली. ऊन रटरटत होतं. मी फ्रीज कुठं ठेवायचा ते बोलत होतो, उगाच, गप बसवत नव्हतं म्हणून.

“बिभीषणा,” ती म्हणाली, “डॉक्टरनं किती दिवस सांगितले?”

“कसले दिवस?”

“येड्यात नको काढू. सारा जन्म तू त्या कागदाला शिव्या देत आलास. मिक्सरला नाय घेतला, कूलरला नाय घेतला. आज भांडला बी नाय. माझ्या तोंडाकडं बघितलं आन सही केली.”

रिक्षावाल्यानं आरसा हळूच दुसरीकडं वळवला.

“तुझ्या बापाचं वारंट निघालं तवा साऱ्या गावाला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “त्या एकट्याला नाय. जिवाला घोर नको म्हून कुणी सांगंना. तू पोटात व्हता. मी तशीच डोंगर चढून गेले आन सांगितलं. म्हून त्याला आठ महिने घावले. मेंढरं इकली, वकील धरला, बहिणीचं लगीन लावलं, मंग आपल्या पायानं हजर झाला. मी नसतं सांगितलं तर? मेंढरामागून गुमान उचलून नेला असता.” तिनं पिशवीवर हात ठेवला. “माणसाला आपलं वारंट कळाया पायजे, बाबा.”

“दिवाळी,” मी म्हणालो. “दिवाळीच्या आत.”

ती बोटांवर महिने मोजत बसली.

“लई हायेत की,” म्हणाली. आणि सिग्नल सुटल्यावर, रस्त्याकडं बघत, “शेवटाला मला पाणी दे. बरफ नको. तांब्याभर पाणी.”

दुसऱ्या दिवशी फ्रीज आला. तिनं उन्हाळाभर बर्फ चघळला, गालात खडा धरून बोबडं बोलायची आणि स्वतःच हसायची. डॉक्टर जे सांगेल ते मी तिला त्याच दिवशी सांगत गेलो. ती सोयगावला जाऊन बहिणीला भेटून आली. पायातले तोडे सुकेशनीला दिले. कुणाशी तरी जुना अबोला होता, तो मोडला. कुणाशी ते मला सांगितलं नाही.

भादव्यात एका सकाळी ती दवाखान्यात जायला उठली नाही. चपला घालून मी दारात उभा. नको आता, म्हणाली. मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, डायलिसिस बंद करायचं असेल तर पाणी तरी सांभाळा, छातीत भरेल. मी फोन ठेवला.

माठ मीच बाहेर आणला. सुकेशनीनं तांब्या घासला आणि भरला. मायनं दोन्ही हातांनी धरून पाणी पिलं, घोटाघोटाला नरड्यातून आवाज येत होता. थोडं छातीवर सांडलं, ते तिनं पुसू दिलं नाही. दुसरा तांब्या मागितला. मी दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

बिभीषणनं आईला पाणी पाजून मारलं, असं गल्लीतले काही लोक म्हणतात. माझ्या तोंडावर एकानंच म्हटलं. त्याला मी हेच सांगितलं की पाजलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाजीन. पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. ज्या पाच महिन्यांत तिला पाणी द्यायचं होतं, त्यात मी तिला बर्फ देत होतो.

यंदाच्या एप्रिलात दुकानात बसलो असताना मोबाइलवर शोरूमचा मेसेज आला. अभिनंदन, आपली वाढीव वारंटी आजपासून सुरू झाली आहे. तो कागद मी कधी वाचलाच नव्हता. वर्षानुवर्षं लोकांना जे ओरडून सांगितलं तेच विसरलो होतो. पहिलं वर्ष कंपनीचं असतं, वाढवलेलं त्यानंतर लागू होतं.

फ्रीज चालू आहे. एकदाही बिघडला नाही. बिघडायचा नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.