ओठाला लावून

“ओळखीच्या डाक्टराकडं दुखणं नेऊ नाय, पोरी. पुढं भांडता येत नाय.”

आत्याबाई हे म्हणाल्या तेव्हा त्या आमच्या मुकुंदवाडीच्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून आहूला मांडीवर हलवत होत्या. मी हसले होते.

“भांडायचंय कशाला? विशाखा माझी मैत्रीण आहे. आणि तुमच्या दातांचा आराखडा तर मी काढणार आहे.”

“मग तर झालंच,” त्या म्हणाल्या. “दोघींशीबी भांडता येणार नाय.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, बानाबाई. सिल्लोडच्या पलीकडच्या वाडीतल्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागं रानात गेलेलं. आहू म्हणजे अहिल्या, माझी मुलगी. ती झाली तेव्हा माझे मिस्टर अजिनाथ कंपनीच्या शिफ्टमध्ये अडकलेले, माझी आई आजारी. तेव्हा मेंढरं दिरावर सोपवून आत्याबाई एका पिशवीनिशी आमच्याकडे आल्या आणि राहिल्या. आहूला भरवायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. दूध असो, खिमट असो, चमचा आधी स्वतःच्या खालच्या ओठाला लावायचा आणि मगच लेकराच्या तोंडात. “आई नसलेली कोकरं मी बाटलीवर वाढवलीत,” त्या सांगायच्या. “एकाचंबी तोंड पोळलं नाय.” मी जरा जास्तच काळजी करणारी आई आहे. आहू झोपली तरी तिचा श्वास बघायला उठते. पण त्यांचा चमचा ओठाला लागला, की मी निवांत माझ्या कामाकडे वळायचे.

माझं काम म्हणजे घरी संगणकावर बसून दातांच्या इम्प्लांटची आखणी करणं. शिकले दंतवैद्यक, पण आहूच्या पाठोपाठ दवाखाना काढणं जमलं नाही. पडलेल्या दाताच्या जागी हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवतात आणि त्यावर दात चढवतात. तो स्क्रू किती लांब, किती जाड, कुठल्या कलानं, हे जबड्याचा स्कॅन बघून आधी ठरवावं लागतं. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो तो तिच्यामुळे. पडद्यावर मी ती नारिंगी रंगवते. स्क्रूचं टोक आणि नारिंगी रेषा यांच्यात निदान दोन मिलिमीटर अंतर राखायचं, हा नियम. मग दातांवर बसेल अशी एक पट्टी छापून घेतात, तिला गाइड म्हणतात. तिच्यात धातूची रिंग असते. ड्रिल त्या रिंगमधून जातं आणि मी ठरवलेल्या खोलीवर अडतं. पुढं जाऊच शकत नाही. मला माझ्या कामातली ही रिंग सगळ्यात जास्त आवडायची.

माझी बरीचशी डिझाइन्स सिडकोतल्या विशाखाच्या दवाखान्यात जायची. आम्ही हॉस्टेलमध्ये एका खोलीत राहिलेल्या. माझ्या बाळंतपणात, कळा सुरू असताना, अजिनाथ पोचायच्या आधी ती पोचली होती. माझा हात धरून म्हणाली होती, “घाबर ना पाहिजे तेवढी, मी आहे.”

आत्याबाईंच्या उजवीकडच्या खालच्या दोन दाढा मिसरीनं कधीच नेल्या होत्या. एकदा काढता-घालता येणारे दात करून घेतले होते, पण ते टोचायचे म्हणून चंचीत आणि चंची कमरेला. जेवायला बसलं की म्हणायच्या, “दात कंबरंला हायत, चावू कशानं?” त्यांची एकच हौस होती, वाडीच्या मक्याचं भाजलेलं कणीस दातांनी सोलून खायचं. मी अट घातली, की मिसरी सोडायची. त्यांनी डबा उचलला आणि कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकून आल्या. दोन दिवस कुणाशी नीट बोलल्या नाहीत, पण सोडली ती सोडली.

आपल्या माणसाचा जबडा पडद्यावर बघणं विचित्र असतं. दाढा जाऊन वर्षं झाली होती, त्यामुळे तिथलं हाड खचलेलं, नस वर आल्यासारखी दिसत होती. मी आठ मिलिमीटरचे, बुटके आणि बोथट टोकाचे स्क्रू निवडले. त्या डिझाइनवर मी जेवढी बसले तेवढी कुठल्याच कामावर बसले नव्हते. विशाखाला दोनदा सांगितलं, आठचेच. ती म्हणाली, “हो गं बाई. तुझ्या सासूबाई त्या माझ्या सासूबाई.”

दिवाळीनंतर स्क्रू बसले. आहू आजारी होती म्हणून मी गेले नाही, अजिनाथनं सोडलं आणि आणलं.

त्यानंतर काही गोष्टी मी पाहिल्या. पाहणं हा माझा स्वभावच आहे. चहा पिताना आत्याबाईंच्या हनुवटीवरून एक ओघळ यायचा आणि त्या तो पुसायच्या नाहीत. उजव्या हातातला चमचा आता तोंड वळवून डाव्या कोपऱ्याला लावायच्या. विचारलं तर “बरंय” एवढंच म्हणायच्या. मी विशाखाला फोन केला.

“अगं, मिसरीची सवय ती,” ती हसली. “इतकी वर्षं ओठ पुढं काढून थुंकल्यावर ढिला पडणारच. तू फार बघतेस, अक्षू. बघणं थोडं कमी कर.”

मला ते पटलं. खरं तर बरंच वाटलं.

दात चढवले त्या दिवशी विशाखानं आत्याबाईंना दवाखान्यात कणीस खायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ काढला. ‘आजींच्या हातात पुन्हा कणीस!’ मी तो कितीदा पाहिला असेल. त्यात शेवटी त्यांच्या उजव्या ओठाखाली मक्याचा एक दाणा चिकटून राहतो आणि त्या तशाच हसत राहतात. पदराला डाग पडला तर दिवसभर हळहळणारी बाई.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी आहूची किंकाळी आली. धावत गेले. खिमटाची वाटी पाटाशी कलंडलेली, त्यातून वाफ निघतेय आणि आहूची जीभ पुढून पांढरी पडलेली. मी तिला नळाखाली नेलं, गार पाणी दिलं, उचलून डॉक्टरांकडे पळाले. परत आल्यावर आत्याबाई त्याच पाटावर बसलेल्या होत्या.

“लक्ष कुठं होतं तुमचं?” मी ओरडले. “ओठाला लावून बघितलं नाही?”

“लावलं व्हतं.”

“मग?”

त्यांनी कलंडलेली वाटी सरळ केली. त्या दिवसापासून वाटी मी माझ्याकडे घेतली. दोन दिवसांनी त्या पिशवी भरायला बसल्या. “अजिनाथला सांग, मला एसटीत बसवून दे. इथं माझं काय काम आता?”

त्या लुगड्याची घडी घालत होत्या आणि नुकत्याच प्यायलेल्या पाण्याचा एक थेंब त्यांच्या हनुवटीवर थरथरत होता. पडला नाही, पुसलाही गेला नाही. मी त्या थेंबाकडे बघत राहिले. मग उठून कापूस आणला, त्याचं टोक पिळून धाग्याएवढं केलं.

“आत्याबाई, डोळे मिटा. लागलं की ‘हां’ म्हणा.”

“आता काय खेळ करू राहिली?”

“मिटा ना.”

डावीकडं ओठाला लावलं. “हां.” डाव्या हनुवटीला. “हां.” मग उजवीकडं. ओठ. हनुवटी. पुन्हा ओठ.

“लाव की,” त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. “थांबली कशापायी?”

माझा हात त्यांच्या ओठावरच होता.

“कधीपासून असं?”

त्यांनी डोळे उघडले, कापसाकडे पाहिलं आणि सगळं समजल्यासारखं तोंड फिरवलं. “ते खिळे ठोकले तवापासून. लाकूड झालंय निसतं.”

“मला का नाही सांगितलं?”

“डाक्टरीणबाईला सांगितलं व्हतं. टाके काढायला गेले तवा. त्या म्हणल्या, मावशी, येईल जीव हळूहळू. पण अक्षदाला सांगू नका, ती आधीच भित्री. धसका घेईल, अंगावरचं दूध आटंल तिचं.” त्या थांबल्या. “लेकराचं दूध आटंल म्हणल्यावर मी कशी बोलू? आन् त्या तुझ्या मैत्रीण. मी डावीकडनं बघतच व्हते की चमचा. त्या दिवशी हात सवयीनं उजवीकडं गेला बघ.”

मी त्यांच्या हातातलं लुगडं काढून घेतलं.

नवा स्कॅन मी विशाखाकडे केला नाही, दुसरीकडे केला. घरी येऊन माझं जुनं डिझाइन त्याच्यावर ठेवलं. माझे बुटके, बोथट स्क्रू तिथं नव्हतेच. होते ते लांब आणि निमुळते. मागच्याचं टोक माझ्या नारिंगी रेषेत शिरलेलं होतं.

मी आहूला कडेवर घेतलं, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि निघाले. आत्याबाई पण आल्या. “तुला भांडता येत नाय,” म्हणाल्या, “निदान लेकरू तरी धरते.”

पण मी आहूला सोडलं नाही. त्या बाहेर बसल्या. समोरच्या टीव्हीवर त्यांचाच कणसाचा व्हिडिओ फिरून फिरून लागत होता.

“अय्या, किती मोठी झाली!” विशाखानं आहूसाठी हात पुढं केले. मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग उठून दार लावलं. “हळू बोल हं. बाहेर पेशंट आहेत.”

“हे माझं डिझाइन नाही.”

“आठचे त्या दिवशी नव्हते गं. दहाचे होते. मावशींना भूल दिलेली, त्या आ करून बसलेल्या. काय करायला हवं होतं मी?”

“घरी पाठवायचं होतं. मला फोन करायचा होता.”

“आणि तू रडत आली असतीस.”

“गाइडची रिंग एवढं खोल जाऊच देत नाही, विशाखा.”

“गाइड काढून ठेवली.” तिनं पेन उचललं, परत ठेवलं. “हे बघ, रागावू नकोस. तुझ्या दोन मिलिमीटरांतला एक नेहमी भीतीचा असतो. हॉस्टेलमध्ये कुलूप तीनदा ओढून बघायचीस ना, तसं. मी तो एक कायम कमी करूनच धरते.”

“कायम? म्हणजे माझ्या सगळ्याच पेशंटचा?”

“माझ्या पेशंटचा,” ती म्हणाली.

“तुला टाके काढतानाच कळलं होतं. पहिल्या एक-दोन दिवसांत स्क्रू काढला असतास तर नस वाचली असती कदाचित. त्यांनी सांगितल्यावर लगेच काढला असतास, तरी काही आशा होती. आणि तू त्यांना माझ्या दुधाची भीती घातलीस.”

“मी तुलाच जपत होते, अक्षू.”

बाळंतपणात धरला होता तसा तिनं माझा हात धरायला पाहिलं. मी आहूला दुसऱ्या कडेवर घेतलं. बाकीच्यांची नावं मागितली. पेशंटची माहिती गुप्त असते, असं ती मला म्हणाली.

बाहेर आले तर एक बाई टीव्हीकडे बोट करून आत्याबाईंना विचारत होत्या, “ह्या तुम्हीच ना? दुखत नाही ना हो?”

“नाय बाई,” आत्याबाई म्हणाल्या. “दुखत नाय. काहीच कळत नाय.”

त्या बाईंना हायसं वाटलेलं दिसलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, आवाज न दबवता. त्या पर्स उचलून निघून गेल्या. आणखी दोघं गेले. एक गृहस्थ मात्र पेपर वाचत बसून राहिले.

आता तो स्क्रू काढला आहे. हाड भरून येईल. ओठाचं, नवे डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका. तक्रार केली आहे, ती तिच्या चालीनं चालेल. आहूची जीभ बरी झाली. आत्याबाईंची पिशवी मी रिकामी करून वर ठेवून दिली, आणि वाटी पुन्हा त्यांच्या हातात दिली. पण चमचा भरला की त्या आधी माझ्यापुढे धरतात. “तू लाव ओठाला.” मी म्हणते, तुमचा डावा आहे की. तर म्हणतात, “माझा मला भरोसा नाय आता.” ह्याची भरपाई कुठल्या तक्रारीत मागायची, मला माहीत नाही.

आणि माझ्या डिझाइनवरचे बाकीचे सगळे. विशाखा मला नावं पाठवत नसे, फक्त नंबर. मी त्यांचे जबडे ओळखते, चेहरे ओळखत नाही. एकाचं तेवढं आठवतं, फाईल पाठवताना ती बोलून गेली होती, की शहागंजात दुकान आहे, घाई आहे. डावीकडची शेवटची दाढ, नस अगदी वर. मी दोनदा शहागंजात जाऊन आले. आहूला घेऊन हळूहळू चालत, दुकानादुकानातून चहा पिणाऱ्यांच्या हनुवट्या बघत. लोकांना वाटलं, बाई काहीतरी हरवलेलं शोधतेय.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात, शेजारात, दुकानात कुणी खालच्या दाढा बसवून घेतल्या असतील, तर आज त्यांच्याजवळ बसा. डोळे मिटायला सांगा. कापसाचं टोक ओठाला लावा, हनुवटीला लावा, दोन्ही बाजूंनी. “बरंय” म्हणाले तर त्यावर जाऊ नका, आमच्या आत्याबाई पण बरंयच म्हणायच्या. शहागंजातले ते दुकानदार तुमच्या ओळखीचे असतील, तर आधी त्यांच्याकडे जा. त्यांच्या घरात लहान लेकरू आहे का, आणि त्याला कोण भरवतं, तेही विचारा.