लेपखोलीतला अबोला

"लेपखोलीत दिवा लावणाऱ्याचा हात कलम करीन," असं मामंजी सगळ्यांना सांगायचे. मी सून म्हणून मला हसत सांगायचे, एवढाच फरक. कॅमेऱ्याच्या फिल्मवर चांदीचा लेप चढतो तो मिट्ट काळोखात. उजेड आला की सगळं मुसळ केरात. म्हणून आत शिरलं की प्रत्येकाने सतत गुणगुणायचं, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं आणि डोकी आपटत नाहीत. मामंजी इतके बेसूर, की ते कुठे आहेत याची शंकाच उरत नसे.

त्या दिवशी सकाळीच आमची जुंपली होती. फिल्मचा कोरा पट्टा बनवणारा शेवटचा कारखाना बंद पडला होता आणि आमच्याकडे एकच गुंडाळी उरली होती. ती नीट निघाली, तर एक मोठं गिऱ्हाईक आमच्यासाठी दुसरीकडून पट्टा बनवून घेणार होतं. बिघडली, तर आमच्या कारखान्याला कुलूप.

"मामंजी, जिना चढताना केवढी धाप लागते तुम्हाला," मी म्हणाले. "आधी डॉक्टरकडे चला. हे यंत्र घाला भंगारात."

"मलाच घाल भंगारात," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

काळोखात यंत्र सुरू झालं. मी दाराशी, ते पलीकडच्या टोकाला. त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं, रुसलेलं का होईना. आणि मग ते थांबलं.

"मामंजी?"

फक्त यंत्राच्या रुळांची घरघर.

आधी मला रागच आला. मागेही एकदा रुसून ते असेच गप्प राहिले होते आणि त्यांच्या कोपरावर आपटून माझा ओठ फुटला होता. "मामंजी, पोरखेळ पुरे," मी ओरडले. उत्तर नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून या काळोखात वावरतेय, पण त्याची अशी भीती कधी वाटली नव्हती.

मी गुडघ्यांवर बसले आणि जमीन चाचपत पुढे सरकले. नळी. बादली. भिंत. मग बोटांना चप्पल लागली. रिकामी, आतून अजून गरम. आजूबाजूला हात फिरवला, कुणीच नाही. चप्पल इथे आणि माणूस कुठे? दिवा लावला आणि ते नुसतेच रुसलेले निघाले तर? त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला कारखाना मी एका बटणाने बुडवणार. आणि नाही लावला तर?

मी दाराकडे धावले, बटणावरचं झाकण उचकटलं आणि दिवा लावला.

मामंजी भिंतीला टेकून बसले होते, चप्पल पडली होती तिथून हातभर अंतरावर. घामाने थबथबलेले, कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलेला पंच्याचा बोळा, एक हात छातीवर. अनवाणी पाय त्यांनी पोटाशी घट्ट ओढून धरला होता. मी चाचपत येतेय हे ऐकून त्यांनी तो मागे घेतला होता.

यंत्र आपलं चालतच होतं, वाया गेलेल्या फिल्मवर लेप चढवत.

मी बोळा काढला. "दिवा बंद कर," ते कसेबसे म्हणाले. "गुंडाळीतली आतली वेटोळी अजून वाचतील."

"खड्ड्यात गेली तुमची वेटोळी!" मी किंचाळले आणि नवऱ्याला हाका मारत सुटले.

ते वाचले. कारखाना नाही वाचला. शुद्धीवर आल्यापासून ते नवऱ्याशी बोलतात, नर्सशी बोलतात, माझ्याकडे मात्र पाठ. काल दुपारी त्यांना झोप लागावी म्हणून नर्सने जाड पडदे ओढले, दिवा घालवला आणि ती निघून गेली. खोलीत गच्च काळोख झाला. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येईना. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. हाक मारायचंही धाडस होईना.

मग पलंगावरून, अगदी बारीक आवाजात, ते बेसूर गुणगुणायला लागले.