आत्माराम सरांची चाल

माझे सासरे, म्हणजे अप्पा, तीन महिन्यांसाठी न्युरेम्बर्गला आले आणि तिसऱ्याच रविवारी त्यांनी आमच्या सगळ्या मंडळींना चोर ठरवलं.

दर रविवारी दुपारी आम्ही आठ-दहा जण एका पबच्या मागच्या खोलीत जमून आयरिश नाचाच्या चाली वाजवतो. मी व्हायोलिन वाजवते. आमच्यात आयरिश माणूस औषधालाही नाही, पण उत्साह दांडगा. त्या दिवशी अप्पा सफरचंदाचा रस घेऊन कोपऱ्यात बसले होते. आमच्या म्होरक्या गुडरूनबाईंनी अकॉर्डियनवर एक जिग, म्हणजे सहा मात्रांची नाचाची चाल, सुरू केली आणि अप्पा ताडकन उभे राहिले.

"मैथिली, ही आमच्या आत्माराम सरांची चाल आहे! या लोकांच्या हाती लागली कशी?"

आत्माराम सर अप्पांच्या साताऱ्याच्या शाळेत बँड शिकवायचे. त्याआधी ते लष्कराच्या बँडमध्ये होते. साठ वर्षांपूर्वी अप्पा त्यांच्याकडे बासरी शिकले. लेझमीसाठी सरांनी ही चाल स्वतः बांधली, असं अप्पा जन्मभर सांगत आले आहेत. आता शाळेची शताब्दी होती. स्मरणिकेसाठी तसा लेख लिहूनच ते आले होते आणि पुढच्या सोमवारी तो पाठवायचा होता. सरांबद्दल आजवर कोणी एक ओळ लिहिलेली नाही, शाळेत त्यांचा फोटोसुद्धा नाही. त्यामुळे अप्पांचा सगळा जीव त्या चार पानांत अडकला होता.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातली चूक सापडली की मला मनापासून आनंद होतो, हा माझा स्वभाव घरात सगळ्यांना माहीत आहे.

"अप्पा, छापायला द्यायच्या आधी मला आठवडा द्या. मी शोधते."

"शोध की. सत्याला कसली भीती?"

गुडरूनबाईंनी ती चाल एका जुन्या कॅसेटवरून उचलली होती. कॅसेटवाल्यांनी ती घेतली होती शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या एका तबकडीवरून. ती तबकडी मला एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळाली. खरखर भरपूर, मागचा पियानो आपल्याच नादात, पण चाल तीच! नाव होतं 'बैठकीतलं बदक'. त्या नावाने छापील संग्रह धुंडाळले, तर भलतीच चाल निघाली. या चालींची नावं म्हणजे पाहुण्यांच्या चपला, कोण कोणाची घालून जाईल सांगता येत नाही. मग नाव सोडून चालींच्या सूचीत सुरुवातीचे सूरच शोधायला लागले. शुक्रवारी चाल सापडली. डब्लिनमध्ये १८८० च्या सुमारास छापलेल्या पुस्तकात, आम्ही वाजवतो ते दोन्ही भाग जसेच्या तसे, नाव 'गिरणीवाल्याचे ओले मोजे'. आणि पुढे ब्रिटिश लष्कराच्या बासरीच्या पुस्तकात, कवायतीसाठी.

तेव्हा आत्माराम सरांचा जन्मही झालेला नव्हता.

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, लाज वाटते सांगायला. मग दारातून अप्पा दिसले. चष्मा कपाळावर ढकलून ते लेखातली एक वेलांटी दुरुस्त करत होते.

शनिवारी पोहे खाताना सांगून टाकलं.

"ओले मोजे?" अप्पा म्हणाले. "सरांच्या चालीला?"

मग त्यांनी बशी बाजूला सरकवली. "लष्करातच ऐकली असणार," ते म्हणाले. "माझी आहे असं सर कधी म्हणाले नव्हते गं. आम्हीच ठरवलं." त्यांनी लेख बॅगेत तळाशी ठेवला. पोहे तसेच राहिले. माझा मलाच इतका राग आला की विचारू नका.

रविवारी ते यायला तयार नव्हते. मी हट्टाने नेलं, बासरीसकट. गुडरूनबाईंनी खुणेनेच त्यांना वाजवायला सांगितलं. अप्पांनी पहिला भाग वाजवला, दुसरा वाजवला, आणि न थांबता तिसरा सुरू केला. तिसरा? माझा गज हातातच राहिला. सूर खाली उतरत गेले, आता पडणार असं वाटलं, आणि ऐन वेळी सावरून वर गेले.

"नोख माल!" गुडरूनबाई ओरडल्या, म्हणजे पुन्हा एकदा. चौथ्या खेपेला सगळी खोली अप्पांच्या मागे वाजवत होती. "बरं, हा भाग कुणाचा?"

मला तर नाचावंसं वाटत होतं. "अप्पा, हा भाग मी पाहिलेल्या एकाही पुस्तकात नाही, तबकडीवरही नाही! हा सरांचा! तुमचा लेख बचावला!"

अप्पा कसनुसे हसले. "सरांचा नाही गं. ती माझी चूक आहे."

"म्हणजे?"

"पंधरा ऑगस्टला, सगळ्या गावासमोर, मी दुसऱ्या भागाचा शेवट विसरलो. बोटं जातील तिकडे वाजवत सुटलो. अकरा वर्षांचा होतो. वाटलं, उद्या सर कातडं लोळवणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी सगळी चूक सारेगममध्ये फळ्यावर लिहिली आणि बँडला म्हणाले, आजपासून हे असंच वाजवायचं. कोण चुकलं ते सांगितलं नाही. सरांच्या चालीत आपण लुडबुड केली, म्हणून मीही कधी बोललो नाही."

गुडरूनबाईंना मी हे जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी अकॉर्डियन खाली ठेवला, उठून आल्या आणि अप्पांचा हात दोन्ही हातांत धरून बसल्या. अप्पा पार लाजून गेले.

घरी आल्या आल्या अप्पांनी बॅग उपसून लेख काढला, पहिलं पान फाडलं आणि मला लिहायला बसवलं.

"लिही. ही चाल सरांनी बांधलेली नाही. एका पोराची चूक मात्र त्यांनी चालीत बसवून घेतली."

मी लिहिलं. "आणि पोराचं नाव?"

अप्पांनी फाडलेलं पान चुरगळून टोपलीत टाकलं.

"लिही," ते म्हणाले. "पण सरांच्या नावाच्या खालच्या ओळीत."