जोडी का चारी

“पप्पा, आपली गाडी समुद्रापर्यंत कवा जाणार हाय, तेवढं एकदा सांगून टाका की.”

टायरच्या दुकानात, चार लोकांसमोर विचारलं मी. उद्यमनगरात सकाळी अकरा वाजता इतका ठोकाठोकीचा आवाज असतो की हळू बोलून भागत नाही. त्यातून यंदा माझाही आवाज वाढलाय. दहावीला एक्क्याण्णव टक्के पडल्यापासून आई शेजाऱ्यांना सांगते, “हिला आता भोंगा लागत न्हाय.”

प्रश्न माझाच होता, पण विचारायची पैज मैत्रिणींची. आदल्या दिवशी आम्ही सगळ्या शाळेत दाखले आणायला गेलो होतो. तिथं संयोगिता म्हणाली, “साक्षे, पाचवीपासनं सांगतीस, पप्पा मालवणला नेणार, तुमास्नी शंख आणतो. आमी आठवीच्या सहलीत समुद्र बघून पण आलो. आता शाळा संपली. शंख कुठं हाय?”

सगळ्या हसल्या. मीही हसले.

“विचारून दाखव उद्या पप्पास्नी. लोकांसमोर.”

“विचारतो की. भितो काय?” मी म्हणाले. आमच्या कोल्हापुरात मुलीसुद्धा ‘विचारतो’, ‘जातो’च म्हणतात. बाहेरचे हसतात, हसू देत.

आठवीच्या सहलीला मी गेले नव्हते, कारण आईचं एक म्हणणं होतं: पहिल्यांदा समुद्र बघायचा तो तिघांनी मिळून. मला ते पटलं होतं. सहलीची बस गेली त्या पहाटे मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडले होते, पण पटलं होतं.

पप्पा पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसून टायरवरून अंगठा फिरवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “सहा आठवडं जाऊ देत.”

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पप्पा राजारामपुरीत हाडांच्या डॉक्टरांकडे प्लास्टर घालतात, बावीस वर्षं झाली. हाड जागेवर बसवतात डॉक्टर, पण ओल्या पट्टीचे वेढे पप्पांचे. हाड जुळायला सहा आठवडे लागतात, म्हणून आमच्या घरात सगळ्यालाच सहा आठवडे लागतात. सायकल, नवा मिक्सर, भिंतीचा रंग. सायकल आली, मिक्सर आला, रंगही झाला. मालवणचे सहा आठवडे तेवढे सहा वर्षं चाललेत.

दुकानदार बाळासोकाकांनी गाडीखाली डोकं घालून बघितलं आणि हात पुसत बाहेर आले.

“पावणं, पुढची दोनी आतल्या अंगानं पार टक्कल झाल्यात. ती बदलायचीच. मागच्याची नक्षी बघा, नव्यावाणी हाय. पर...” त्यांनी मागच्या टायरवर बाटलीतलं पाणी ओतून फडक्यानं घासलं. बाजूच्या रबरावर केसाएवढ्या बारीक भेगा दिसायला लागल्या. “पोरी, ह्यो आकडा वाच.”

“दोन, तीन, एक, नऊ.”

“एकोणीस सालचा तेविसावा आठवडा. ही ह्याची जन्मतारीख. पळू दे न्हाय तर उभा ऱ्हाऊ दे, रबराचं वय थांबत न्हाय. पावणं, गाडी गावातल्या गावात फिरवणार आसाल तर पुढची जोडी बदला, मागचं वरीसभर बघत बघत चालवा. घाट उतरणार आसाल तर मातूर चारी. जोडी का चारी, ते गाडी कुठवर जाती त्यावर हाय. आजवर लांबात लांब कुठं गेलीय?”

“जयसिंगपूर,” पप्पा म्हणाले.

“गडहिंग्लजला गेलतो की,” माझ्याशेजारी उभी असलेली आई म्हणाली.

“ती यष्टीनं.”

बाळासोकाका हसले नाहीत, हे बरं केलं त्यांनी.

एकोणीस सालात पप्पांनी ही जुनी वॅगनआर घेतली, तेव्हाच चारही टायर नवे घातले होते. मालवणसाठीच. पंधरा ऑगस्टला निघायचं ठरलं होतं. आईनं वाळूवर अंथरायला निळी-पांढरी चटई आणली होती. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पूर आला. पाणी ओसरलं तर गावभर चिखल, त्यात घसरून पडलेल्यांची क्लिनिकबाहेर रांग. पप्पा कसले येतात. पुढच्या वर्षी लॉकडाऊन. त्यानंतर काय आडवं आलं ते नीट सांगताही येत नाही. रोज कुणाचं ना कुणाचं हाड मोडतच होतं.

माझ्या मोबाइलमध्ये डिप्लोमाचा फॉर्म अर्धा भरून पडला होता. कॉलेजं पसंतीनं लावायची, सोमवार शेवटचा दिवस. आईपप्पा धरून चालले होते की पहिलं नाव कोल्हापूरच्या कॉलेजचं. मी पहिलं नाव मालवणच्या कॉलेजचं टाकलं होतं आणि पुसलं होतं, तीनदा. खोटं कशाला बोलू, मला जायचंच होतं. पण मी तिकडं शिकायला गेले म्हणजे समुद्र आधी एकटीनं बघणार, आणि मग तिघांनी मिळून ‘पहिल्यांदा’ बघायचं कसं, इथं माझं घोडं अडत होतं.

पप्पांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, “आलो,” म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून हात पुसायला लागले.

“क्लिनिकमधनं?” आईनं विचारलं.

“म्हातारी पडलीय जिन्यावरनं. मनगट.”

बाळासोकाका त्यांच्याकडे निरखून बघत होते. “तुमी प्लास्टरवालं भाऊसो न्हवं? मागं जॅक निसटून माझा हात गेलता बघा. तुमीच बांधलासा.”

त्यांनी उजवा हात पुढं केला. पप्पांनी तो घेतला, मनगट इकडं तिकडं वळवलं, हाडावर अंगठा दाबला.

“थंडीत ठणकतंय?”

“अजाबात न्हाय.”

“मग काय बघायचंय.” पप्पांनी हात सोडला. “जोडीच घाला. मी आलोच.” रिक्षाला हात करून ते गेलेसुद्धा.

गाडीचं नाक जॅकवर वर उचललेलं. आई आणि मी रचून ठेवलेल्या टायरांवर बसलो. काकांनी चहा मागवला. आई फुंकर मारत चहा पीत होती आणि रस्त्याकडे बघत होती.

“काका, मालवणला कसं जायाचं?” मी मुद्दाम विचारलं.

त्यांनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. मग कणकवली, कसाल, मालवण. दाजीपूरला थांबून च्या प्यायचा, फुडं घाटात थांबायला नगं. चार तास.”

पाढा म्हणावा तसं म्हणाली. कुठंही अडली नाही.

“वैनी गेलेल्या दिसत्यात,” काका म्हणाले.

“न्हाय वो,” आई म्हणाली.

काका पुढचं चाक घेऊन आत गेले. मी आईला म्हटलं, “आई, चारी घालायला सांगू? तू नुसतं हो म्हण.”

“नगं.”

“का पण?”

तिनं कपाच्या तळाशी बघितलं. मग कपातला राहिलेला घोट रस्त्यावर ओतून म्हणाली, “आता भ्या वाटतंय गं. एवढी वर्सं मनात धरून बसलोय. गेलो, आन तिथं काय वाटलंच न्हाय तर?”

मी तिच्या हातातला रिकामा कप घेतला.

तासाभरानं पप्पा आले, तोवर पुढचे दोन नवे टायर चढले होते. त्यांच्या नखांत पांढरं प्लास्टर सुकलं होतं.

“म्हातारीचं काय झालं?” आईनं विचारलं.

“चिमणाबाई नाव. गगनबावड्याकडची. लेकीकडं आलती. बांधून हुईपर्यंत माझा शर्ट सोडला न्हाय. म्हणती, तू हलू नगंस.” पप्पा हसले. “आता फोन केलाच हुता, मग जायाला नगं?”

मग ते मागच्या चाकाशी बसले. बोटं फिरवली. ज्या हातानं ते मोडकी मनगटं धरतात तोच हात भेगांवरून एकदा वर, एकदा खाली गेला.

“भाऊसो, काय करू?” काकांनी विचारलं. “जोडीवरच थांबू का चारी?”

पप्पांनी आईकडे बघितलं. आई पर्सची चेन लावत होती, उघडत होती, लावत होती.

“मागची ऱ्हाऊ देत,” ते पडेल आवाजात म्हणाले. “गाडी गावातच असती.”

पप्पा कंजूष नाहीत. त्यांना आळस नाही. समुद्र नकोय असंही नाही, नाहीतर असा आवाज कशाला लागला असता. मी त्या पांढऱ्या नखांकडे बघत होते आणि मला एकदम दिसलं, की बावीस वर्षांत पप्पा स्वतःहून कुठंही गेलेले नाहीत. कुणीतरी बोलावलं की मात्र ते अंतर विचारत नाहीत, वेळ विचारत नाहीत, जॅकवर चढवलेली गाडी सोडून निघतात. समुद्रानं काही त्यांना कधी फोन केला नव्हता.

मी मोबाइल काढला. फॉर्म उघडला.

काका खालचा जॅक सोडायला वाकले होते. “काका, थांबा जरा,” मी म्हणाले, “मागची पण काढा.”

“साक्षे,” पप्पा म्हणाले.

“पप्पा, आई, दोघं पण ऐका,” मी म्हणाले. “फॉर्मात पहिलं नाव मी मालवणच्या कॉलेजचं टाकतो. नंबर लागला की तिथंच होस्टेलला ऱ्हाणार. समुद्र मी तुमच्या आधी बघणार, त्याला आता इलाज न्हाय. पण तिथल्या पहिल्या शनिवारी मी फोन करणार, आन तुमी दोघांनी निघायचं.”