विष्णुपंतांची गत

हेमलताबाईंनी फोन पालथा ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. अमेरिकेतल्या भाच्यानं, श्रीरंगनं, पाठवलेला व्हिडिओ सकाळपासून त्यांनी कितीदा तरी पाहिला होता. दोन म्हातारे गोरे. एकाकडे फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. दुसऱ्याकडे डफाला लांब दांडी लावावी तसा बेंजो. आणि दोघं मिळून झपाट्यानं वाजवत होते ती धून म्हणजे चक्क बाबांची, विष्णुपंतांची गत! खाली श्रीरंगनं लिहिलं होतं, की तिकडच्या ब्लूग्रास संगीतातली ही जुनी धून, डोंगरातल्या लोकांची. त्यांच्या पणज्यांनी ती स्कॉटलंडहून जहाजातून आणलेली. बांधली कोणी, ते कोणालाच ठाऊक नाही. 'आत्या, मग आजोबांनी कशी काय बांधली?'

कशी काय! हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर बाईंचं आयुष्य वेगळं गेलं असतं.

बाबांच्या फॅक्टरीच्या गणेशोत्सवात गाण्या-वाजवण्याच्या मेळ्याचा दंडकच होता, की दर वर्षी नवी गत हवी. शिळी वाजवली की लोक चपला शोधू लागत. साठ सालच्या आसपास विष्णुपंतांनी ही गत वाजवली आणि लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. पुढे लेकीलाही त्यांनीच व्हायोलिन शिकवलं. आई गेली त्याच वर्षी बाईंना नागपूरच्या एका संगीत विद्यालयात नोकरी मिळाली. सामान बांधून झालं होतं. तेव्हा बाबा म्हणाले, "तू गेली तर माह्यी गत कोन सांभाळन?" बाई राहिल्या. भाऊ खुशाल निघून गेला, त्याला कोणी काही विचारलं नाही. मग शाळेतली नोकरी, बाबांची पथ्यं, औषधं, आणि रोज संध्याकाळी तीच गत. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण काढून ठेवायचा तरी कुठे? बाई थकल्या होत्या. झोपून उतरेल असा तो थकवा नव्हता.

दुपारी त्या बाजारातल्या कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत गेल्या. तिथे नथ्थूकाका राहत, मेळ्यातले बाबांचे जोडीदार. टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायचा आपला देशी बेंजो त्यांनी जन्मभर लग्नाच्या बँडांत वाजवला होता. बाईंनी फोन त्यांच्या कानाशी धरला. काका बोळकं पसरून हसले.

"अरे, ही तं गार्डसाहेबाची हाय! रेल्वेत अँग्लो-इंडियन गार्ड होता, त्यायच्या क्लबात, इन्स्टिट्यूटच्या नाचाले फिडल वाजवे. आमी दोघं खिडकीखाली सायकल धरून उभे. नव्या गतीची वेळ आलती ना! विष्णूभाऊ घरापावतर शीळ घालत आला, विसरू नये म्हणून. मेळ्यात पुकारणाऱ्यानं म्हणून टाकलं, 'विष्णुपंतांची गत.' टाळ्या पडल्या. आता टाळ्या कोन वापस करते, बेटा?"

आयत्या बिळावर नागोबा! बाई भर रस्त्यात मोठ्यानं म्हणाल्या. ई-रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. घर येईपर्यंत बाबांना काय काय सुनावायचं ते त्या मनात घोकत होत्या.

बाबा खाटेवर बसले होते. बाईंनी फोन त्यांच्या मांडीवर ठेवून व्हिडिओ लावला. बाबांची बोटं चादरीवर हलायला लागली. वाजवणं संपलं तरी थोडा वेळ हलतच राहिली.

"किती लोक वाजवून राहिले," बाबा म्हणाले. "कोनाच्या सांभाळण्यावाचून काही अडलं नाही तिचं." मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मंग तुले काहून थांबवलं मी, हेमू?"

घोकलेलं सगळं बाजूला ठेवून बाई खाटेजवळ आल्या. "गतीसाठी नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकटं राहायची भीती वाटत होती."

विष्णुपंतांनी मान खाली घातली. "हो," ते म्हणाले. "तुह्यी आई गेल्यावर लय भीती वाटे."

बाई तिथेच खाटेच्या कडेला बसल्या आणि रडल्या. एवढंच बाबांनी त्या वेळी म्हटलं असतं तर त्या हसत इथं थांबल्या असत्या.