उन्हात ठेवलेली लस

मी एक जुना लशीचा डबा आहे. मित्रांनो, माझा रंग एके काळी निळा होता, हे आता सांगूनही कोणाला पटत नाही. माझ्या भिंती जाड आहेत आणि अक्कल बेताची. आत बर्फाच्या चार चपट्या बाटल्या आणि मधे लशीच्या कुप्या. त्या थंड ठेवायच्या, एवढेच माझे काम. माणसांचे मात्र मला कधीच नीट कळले नाही.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात शकुंतलाबाई नावाच्या नर्स मला खांद्याला अडकवून पांढुर्ण्याहून तिगावजवळच्या मजुरांच्या वस्तीत नेऊ लागल्या. तिथे गोवराची साथ होती. दोन लेकरे गेली होती. देवीचा कोप मानून दारोदारी कडुनिंबाचे डहाळे लावले होते, आणि आम्ही दिसलो की दारे बंद व्हायची. मी काय चोर आहे, असे मला वाटे.

शेवटी देवकाबाई नावाच्या म्हातारीने वस्तीला राजी केले. त्या दिवशी एकोणीस आया येणार होत्या. सगळ्यांत आधी मनकर्णा तयार झाली. तिचा थोरला मुलगा गोवरानेच गेला होता, आता दहा महिन्यांची मुलगी तेवढी उरली होती.

मला देवकाबाईच्या अंगणात ठेवून बाई घरोघरी बोलवायला गेल्या. म्हातारीने झाकण उघडून आत हात घातला आणि ती दचकलीच. गोवराच्या दिवसांत लेकराला गार काही देत नाहीत, गोवर अंगावर न उठता आत जिरतो, असे तिथे सगळेच मानत. तिने बर्फ बाजूला काढला आणि कुप्या फडक्यावर मांडून उन्हात ठेवल्या. किती मायेने! मी पुरता गोंधळलो. ही माझी सेवा चालली होती की घात?

बाई परतल्या तेव्हा कुप्या चांगल्या तापल्या होत्या.

“मावशी, हे काय केलं?”

“थंडं होतं ना बाई औषध. लेकराले कसं द्याचं? म्हून गरम करून राहिली.”

बाईंनी फडक्यावरच्या कुप्या एकेक उचलून पाहिल्या. समोर आया लेकरे घेऊन बसलेल्या. तीच लस टोचली असती तर कोणाला कळलेही नसते. पण तिच्यात आता गोवर अडवण्याची ताकद उरली नव्हती.

“आज लस देता येत नाही,” बाई म्हणाल्या. “चूक माझी आहे. उद्या नवी घेऊन येईन.”

“बाईची नाही,” देवकाबाई म्हणाली. “बर्फ मीच काढला.”

आया कुरकुरत उठून गेल्या. आता कोण परत येते, असे मला वाटले. पण दुसऱ्या दिवशी देवकाबाई स्वतः दारोदारी फिरली आणि अठरा जणी आल्या. मनकर्णा आली नाही. तिच्या मुलीला पहाटेच ताप चढला होता, डोळे लाल झाले होते.

बाई म्हणाल्या, “रोग आधीच अंगात होता मावशी. काल टोचलं असतं तरी ताप आलाच असता.” देवकाबाईने मान हलवली, पण तिला ते पटले नाही. खरे सांगू? मलाही अजून नक्की कळत नाही. मुलगी वाचली, पण एका कानाने तिला ऐकू येईनासे झाले.

मित्रांनो, डब्याला हात लावू नका, असे मी म्हणणार होतो. पण देवकाबाईने हात लावला तो लेकरांच्या काळजीनेच. लस घ्या, हे बाईंनी वस्तीला पंधरा दिवस सांगितले. ती थंड का ठेवतात, हे तेवढे सांगायचे राहून गेले. म्हणून मला कोणाच्या अंगणात ठेवाल, तर पुढे जाण्याआधी त्या घरच्या म्हातारीजवळ घडीभर बसा आणि तिला सगळे सांगा.